सिस्टर म्हणाल्या, ‘डॉक्टर, थांबा!’

गंभीर आजारी रुग्णाच्या गळ्याजवळ बसवलेली बारीकशी नळी त्याचा प्राण वाचवते. तीच नळी नीट सांभाळली नाही, तर जिवावर बेतते. या दोन टोकांच्या मध्ये उभी असते ती परिचारिका.

अतिदक्षता विभागाबाहेरचा बाक इंदूरला असो, नागपूरला असो की हैदराबादला, त्यावर बसलेली माणसे सारखीच दिसतात. पायाशी पाण्याची बाटली, मांडीवर रिपोर्टांची फाईल, हातात औषधांच्या चिठ्ठ्या. भेटीची वेळ होते. चपला बाहेर काढून, गाऊन चढवून घरातले एक जण आत जाऊन येते आणि दबक्या आवाजात सांगते, “बाबांच्या गळ्यात नळी घातलीय. तीन तोंडं आहेत तिला. सगळी औषधं आता तिथूनच देतायत.”

ऐकणाऱ्यांच्या पोटात गोळा येतो. हाताची शीर मिळत नव्हती का? दुखत असेल का? खर्च किती येईल? प्रश्नांमागून प्रश्न निघतात. पण एक प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. ही नळी रात्रंदिवस सांभाळणार कोण?

नळी बसवण्याचे काम डॉक्टर अर्ध्या-पाऊण तासात उरकतात. त्यानंतर ती दहा दिवस राहिली, तर ते दहाही दिवस तिला हात लागतो तो सिस्टरांचा. दिवसातून कित्येकदा. त्यातल्या एखाद्या वेळी झालेली छोटीशी हयगयही रुग्णाला महागात पडू शकते.

हृदयाच्या दारापर्यंत

या नळीला रुग्णालयात ‘सेंट्रल लाईन’ म्हणतात. गळ्याच्या, गळपट्टीच्या हाडाखालच्या किंवा जांघेतल्या मोठ्या शिरेतून ती आत सरकवतात. गळ्यातून घातलेल्या नळीचे टोक हृदयात रक्त आणणाऱ्या महाशिरेत, हृदयाच्या अगदी दाराशी पोहोचते. ते योग्य जागी गेले की नाही, हे बहुधा एक्स-रे काढून पाहतात.

एवढा खटाटोप कशासाठी? रक्तदाब टिकवून धरणारी काही औषधे इतकी तीव्र असतात, की हाताच्या नाजूक शिरेला ती सोसत नाहीत. मोठ्या शिरेत रक्ताचा ओघ जोरदार असल्यामुळे औषध तिथे लगेच मिसळून जाते. कर्करोगावरची औषधे, तोंडाने खाता न येणाऱ्या रुग्णाचे शिरेतून दिले जाणारे अन्न, तातडीचे डायलिसिस या साऱ्यांसाठी असा राजमार्ग लागतो.

हा मार्ग माणसाने शोधला, त्या कथेतही एक परिचारिका आहे. १९२९ सालची गोष्ट. जर्मनीत बर्लिनजवळच्या एबर्सवाल्डे गावी वेर्नर फोर्समान नावाचा तरुण डॉक्टर काम करत होता. हातातल्या शिरेतून नळी सरकवत थेट हृदयापर्यंत नेता येईल, असे त्याच्या मनाने घेतले होते. वरिष्ठांनी साफ नकार दिला. निर्जंतुक केलेली साधने होती गेर्डा डिट्झेन या परिचारिकेच्या ताब्यात. फोर्समानने तिचे मन वळवले. ती तर स्वतःवरच प्रयोग करून घ्यायला तयार झाली! त्याने तिला टेबलावर बांधले आणि तिच्या नकळत नळी स्वतःच्याच हातात सरकवली, चांगली ६५ सेंटीमीटर. मग दोघे एक्स-रे विभागात गेली. नळीचे टोक हृदयात पोहोचलेले फिल्मवर स्पष्ट दिसत होते.

त्या वेळी फोर्समानच्या वाट्याला टीकाच आली. पुढे १९५६ साली आंद्रे कुर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स यांच्यासह त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. दरम्यान १९५३ मध्ये स्वीडनच्या स्वेन-इव्हार सेल्डिंगर यांनी आधी सुई, मग सुईतून बारीक तार आणि तारेवरून नळी, अशी सोपी पद्धत शोधली. तिच्यामुळे पुढे मोठ्या शिरेत नळी घालणे ही रोजची बाब होऊन गेली.

शत्रू शिरतो कुठून?

आपली कातडी म्हणजे शरीराची तटबंदी. सेंट्रल लाईन या तटबंदीला भोक पाडूनच आत जाते. कातडीवर जंतू नेहमीच असतात आणि एरवी ते काही करत नाहीत. पण नळीच्या बाहेरच्या अंगाने सरपटत ते आत उतरले, की थेट रक्तात. दुसरी वाट नळीच्या तोंडाची. दर वेळी इंजेक्शन देताना, सलाईन बदलताना, रक्ताचा नमुना काढताना हे तोंड उघडावे लागते. तिथे न धुतलेला हात लागला, की जंतूंना आयतेच दार मिळते.

एकदा आत गेलेले जंतू नळीच्या भिंतीला चिकटून स्वतःभोवती बुळबुळीत थर तयार करतात. पाण्याच्या टाकीत आतून शेवाळ धरावे तसा. या थराआड दडलेल्या जंतूंपर्यंत प्रतिजैविके नीट पोहोचत नाहीत. मग अचानक थंडी वाजून ताप भरतो, रक्तदाब कोसळतो. मूळ आजारातून सावरू लागलेला माणूस नव्या संकटात सापडतो. आयसीयूतला मुक्काम लांबतो, बिल वाढते आणि बाहेरच्या बाकावर बसलेल्या घराचे दागिने गहाण पडतात.

अशी लागण म्हणजे नशिबाचा भाग, एवढ्या गंभीर रुग्णांमध्ये थोडेफार असे व्हायचेच, असे अनेक वर्षे डॉक्टरही मानत आले. या समजाला धक्का दिला तो पाच ओळींच्या एका कागदाने.

पाच ओळींचा कागद

२००१ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात पीटर प्रोनोव्होस्ट या अतिदक्षता तज्ज्ञाने नळी बसवताना पाळायच्या पाच गोष्टी कागदावर उतरवल्या. एक, हात स्वच्छ धुणे. दोन, रुग्णाची कातडी क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने पुसणे. तीन, रुग्णाच्या अंगावर डोक्यापासून पायापर्यंत निर्जंतुक चादर आणि डॉक्टरांनी टोपी, मास्क, गाऊन, हातमोजे घालणे. चार, शक्यतो जांघेतून नळी न घालणे. पाच, गरज संपताच नळी काढून टाकणे.

यात नवे काय? काहीच नाही! प्रत्येक डॉक्टर हे शिकलेलाच असतो. पण प्रोनोव्होस्ट यांनी परिचारिकांना सांगितले, की महिनाभर नुसते पाहा आणि टिपून ठेवा. महिन्याअखेर दिसले, की एक-तृतीयांशाहून अधिक रुग्णांच्या बाबतीत यातली एखादी तरी पायरी गळलेली होती. कोणी मुद्दाम वगळत नव्हते. घाई, रात्रपाळी, थकवा आणि ‘इतक्या वेळा केलंय’ हा आत्मविश्वास.

आणखी एक साधी गोष्ट ध्यानात आली. गाऊन एका कपाटात, चादर दुसरीकडे, जंतुनाशक तिसरीकडे. सामान गोळा करतानाच एखादी वस्तू राहून जाई. म्हणून सगळे साहित्य एकाच ढकलगाडीवर ठेवण्यात आले. एखाद्या गृहिणीने पोळपाट, लाटणे, तवा आणि पिठाचा डबा हाताशी ठेवावा, तसे.

खरा बदल मात्र पुढचा होता. एकही पायरी चुकली, तर परिचारिकेने डॉक्टरला तिथल्या तिथे थांबवायचे, असा अधिकार रुग्णालयाच्या व्यवस्थापनाने तिला दिला.

यावर कुरकूर झालीच. आमचे काम डॉक्टरांवर पहारा ठेवण्याचे नाही आणि बोललो तर आमच्यावरच खेकसतील, असे परिचारिकांचे म्हणणे. रुग्णासमोर, ज्युनिअरांसमोर सिस्टरने टोकले तर आमची शोभा काय राहिली, असे डॉक्टरांचे म्हणणे. मान-अपमानाचा हा तिढा आपल्यालाही अनोळखी नाही. पण प्रश्न डॉक्टरांच्या शोभेचा नव्हता, रुग्णाच्या जिवाचा होता. व्यवस्थापन ठाम राहिले.

त्या विभागात १९९८ च्या सुरुवातीला नळीच्या दर हजार दिवसांमागे ११.३ जणांना रक्ताची लागण होत होती. नळीचे हजार दिवस म्हणजे शंभर रुग्णांना प्रत्येकी दहा दिवस नळी असणे. २००२ च्या अखेरच्या तिमाहीत हा आकडा शून्यावर आला. शून्य! ज्याला नशीब म्हणत होते, ती टाळता येणारी चूक निघाली.

आईचे ऐकले असते तर

पायरीने लहान असलेल्या माणसाचे न ऐकणे किती महाग पडते, हे त्याच रुग्णालयाने २००१ मध्येच अनुभवले होते. जोझी किंग ही दीड वर्षांची मुलगी आंघोळीच्या गरम पाण्याने भाजली होती. उपचारांनी ती बरी होत आली. मग मात्र तिची तब्येत पुन्हा बिघडली. ती तहानेने व्याकूळ आहे, पाण्यासाठी धडपडते आहे, हे तिच्या आईला, सॉरेल किंग यांना दिसत होते. त्यांनी परोपरीने सांगितले. आईच्या बोलण्याला हवे तितके महत्त्व मिळाले नाही. शरीरातले पाणी कमी होत गेले, त्यातच चुकीच्या वेळी गुंगीचे औषध दिले गेले आणि फेब्रुवारी २००१ मध्ये जोझी गेली.

रुग्णालयाने चूक मान्य केली. भरपाईच्या रकमेतला काही भाग सॉरेल यांनी रुग्णांच्या सुरक्षिततेच्या कामासाठीच दिला. खाटेजवळ सर्वांत जास्त वेळ उभे असणाऱ्याला, मग ती आई असो की परिचारिका, बोलता आले पाहिजे आणि तिचे ऐकले गेले पाहिजे, हाच या दोन्ही घटनांचा धडा.

एका रुग्णालयात जमले ते इतरत्र जमेल का? मिशिगन राज्यातल्या शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांनी ही पद्धत उचलली. २००६ च्या डिसेंबरात ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निष्कर्ष छापून आले. हजार दिवसांमागे सरासरी ७.७ असलेली लागण दीड वर्षात १.४ वर उतरली होती. नवे यंत्र नाही, महागडे औषध नाही. साबण, चादर, कागद आणि बोलण्याची मुभा.

बसवल्यानंतरचे दिवस

नळी बसवताना कितीही काळजी घेतली, तरी पुढचे दिवस ती सांभाळावी लागतेच. ही सारी परिचारिकेची राखण. तिची दिनचर्या पाहिली, तर हे काम किती बारकाईचे आहे ते कळते.

नळीला हात लावण्याआधी, दर वेळी हात स्वच्छ करायचे. अल्कोहोलचे द्रावण असेल तर वीस ते तीस सेकंद, साबण-पाणी असेल तर धुऊन पुसेपर्यंत चाळीस ते साठ सेकंद. हातमोजे घातले म्हणजे हात धुवायला नकोत, हा गैरसमज.

इंजेक्शन जोडण्यापूर्वी नळीचे तोंड जंतुनाशकाच्या बोळ्याने चांगले घासायचे. अनेक रुग्णालयांत पंधरा सेकंदांचा नियम असतो. पंधरा सेकंद म्हणजे काहीच नाही, असे वाटते. पण चार रुग्णांचे पंप एकदम वाजू लागले, की हेच पंधरा सेकंद डोंगराएवढे होतात. घासून झाल्यावर तोंड वाळू द्यायचे, कारण जंतुनाशकाचे काम वाळेपर्यंत चालू असते.

नळी आत शिरते त्या जागेवर पारदर्शक चिकटपट्टी असते. आतली कातडी लाल झाली आहे का, सुजली आहे का, पू दिसतो का, हे रोज पाहायचे. पट्टी साधारण सात दिवसांनी बदलायची, कापसाच्या जाळीची असेल तर दोन दिवसांनी. घामाने, रक्ताने भिजली किंवा कडेने सुटली, तर तारखेची वाट न पाहता ताबडतोब. वर बदलल्याची तारीख लिहायची. सलाईनच्या नळ्यांचेही वेळापत्रक असते. रक्त किंवा स्निग्ध पदार्थ गेलेली नळी लवकर बदलावी लागते, कारण त्यावर जंतू झपाट्याने वाढतात.

धोका एकट्या जंतूंचाच नसतो. नळीचे तोंड उघडे राहिले, तर श्वासाबरोबर हवा आत ओढली जाऊन जीव धोक्यात येऊ शकतो. म्हणून उघडण्याआधी चिमटा लावायचा. नळी काढतानाही रुग्णाला आडवे झोपवून, श्वास रोखायला सांगून ती काढायची, जागा काही मिनिटे दाबून धरायची आणि हवा शिरणार नाही अशी पट्टी लावायची.

आणि रोज सकाळी राउंडच्या वेळी विचारायचा तो एक प्रश्न, “सर, ही नळी आज लागणार आहे का?” जी नळी शरीरातच नाही, तिच्यातून लागण होणार कशी?

आपल्याकडचे चित्र

भारतातल्या २६ रुग्णालयांच्या ८९ अतिदक्षता विभागांत मे २०१७ ते ऑक्टोबर २०१८ या काळात अशा लागणींची पद्धतशीर नोंद ठेवली गेली. रुग्णालयात झालेल्या रक्ताच्या लागणीचे २,६२२ प्रसंग नोंदले गेले. सर्वाधिक प्रमाण होते नवजात बाळांच्या विभागांत. सर्वांत जास्त आढळलेला जंतू क्लेब्सिएला. त्याच्यामुळे झालेल्या शंभरांतल्या ७२ लागणींमध्ये कार्बापेनेम ही राखून ठेवलेली, शेवटच्या फळीतली प्रतिजैविकेही निष्प्रभ ठरली. औषधच चालत नसेल, तर लागण होऊ न देणे हाच उपाय उरतो.

ते आपल्याकडेही साधते. आठ शहरांतल्या अकरा रुग्णालयांत झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रशिक्षण, देखरेख आणि हात धुण्याच्या नोंदींमुळे हजार दिवसांमागची लागण ६.४ वरून ३.९ वर आली.

अडचणी आहेतच. एका परिचारिकेकडे सोपवलेले रुग्ण वाढले, की सर्वांत आधी कात्री लागते ती हात धुण्याला आणि त्या पंधरा सेकंदांना. माणसे कमी पडली की नळीच्या लागणी वाढतात, हे १९९६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातही दिसले होते. सिस्टरला दोष देणे सोपे. तिच्या हाताखाली किती खाटा आहेत, बेसिनला पाणी आहे का, द्रावणाची बाटली भरलेली आहे का, हे विचारणे अधिक गरजेचे. आणि त्याहून अवघड गोष्ट म्हणजे मोठ्या डॉक्टरांना “थांबा” म्हणण्याचे बळ तिला देणे. हे बळ तिच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या मेट्रन आणि वरिष्ठांकडून येते. भिंतीवर यादी चिकटवून ते मिळत नाही.

घरच्यांनी काय करावे?

नातेवाइकांच्या हातीही बरेच काही आहे. आत जाताना आणि बाहेर येताना हात स्वच्छ करा, मनगटावरचे घड्याळ, बांगड्या, अंगठ्या यांच्याखालीही. मायेने का होईना, नळीला, पट्टीला, पंपाला हात लावू नका. अंगारा, हळद-कुंकू, तेल यातले काहीही त्या जागेजवळ नेऊ नका. देवाची आठवण बाहेरूनही पोहोचते. पट्टी सुटलेली, भिजलेली दिसली किंवा रुग्णाला थंडी वाजू लागली, तर लगेच सिस्टरांना सांगा.

डॉक्टर भेटले की नम्रपणे विचारा, “ही नळी अजून किती दिवस लागेल?” हा अविश्वास नव्हे. चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही.

केमोथेरपीसाठी काही रुग्ण दंडात ‘पिक लाईन’ घेऊन घरी येतात. त्यांच्यासाठी घर हाच वॉर्ड. आंघोळीला ती जागा झाकून कोरडी ठेवावी, ठरल्या दिवशी पट्टी बदलून घ्यावी, त्या हाताने जड बादली उचलू नये आणि त्या दंडावर रक्तदाबाचा पट्टा बांधू देऊ नये. १००.४ अंशांवर ताप आला किंवा हुडहुडी भरली, तर घरगुती गोळी देऊन रात्र काढू नये. तडक रुग्णालय गाठावे.

आणखी एक. सिस्टर नळीचे तोंड घासत उभी असते, तेव्हा आपण बाहेरून म्हणतो, “किती वेळ लावतायत!” पुढच्या वेळी असे वाटले, तर मनातल्या मनात पंधरापर्यंत मोजा. तेवढ्या वेळात ती आपल्या माणसासाठी एक दार बंद करत असते.

रुग्ण बरा झाला, की आपण डॉक्टरांच्या पाया पडतो, पेढे वाटतो. ते रास्तच आहे. पण बाकावर बसलेल्या कुटुंबाला एखाद्या सकाळी निरोप येतो, “बाबांची गळ्यातली नळी आज काढली. जागा छान कोरडी आहे.” हे वाक्य खरे व्हावे म्हणून गेल्या दहा दिवसांत कोणीतरी शेकडो वेळा हात धुतलेले असतात. पेढ्याचा पुडा घेऊन जाताना त्या सिस्टरांचे नाव विचारून घ्यायला हरकत नाही.